पुण्यात भाड्यासाठी फ्लॅट घेताय? आधी त्या भागाचं भाडं तपासा

पुण्यात भाड्याने द्यायला म्हणून फ्लॅट बघायला गेलात की एजंट पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, "इथे अठ्ठावीस हजार भाडं कुठेच गेलं नाही." हा आकडा बहुतेक वेळा जाहिरातींतला असतो, म्हणजे मालकांनी मागितलेला. प्रत्यक्षात किती भाड्यावर सही झाली, वर्षातले किती महिने घराला कुलूप होतं आणि खर्च जाऊन हातात काय उरलं, हे तीन आकडे त्याहून वेगळे असतात. फ्लॅट घ्यावा की नाही हे या तीन आकड्यांवर ठरवावं, आणि तिन्ही थोडी पायपीट केली तर मिळतात. खालची पद्धत पुण्यासाठी लिहिली आहे. नोंदणीची व्यवस्था राज्यभर एकच असल्याने नाशिक-नागपूरलाही ती वापरता येईल. तिथले भाग आणि भाडेकरू मात्र नव्याने समजून घ्यावे लागतील.

आधी भाडेकरू ठरवा, मग भाग

पुण्याचा भाडेबाजार असा एक नाही. पश्चिमेला हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. तिथली मंडळी वाकड, ताथवडे, पुनावळे, बाणेर-बालेवाडीत राहतात. पूर्वेला खराडीचं ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर, हडपसरची मगरपट्टा सिटी. तिथे काम करणाऱ्यांचा भार केशवनगर, मुंढवा, वाघोली, विमाननगर उचलतात. चाकण आणि तळेगावच्या वाहन कारखान्यांमुळे मोशी, चिखली, भोसरीत मागणी असते. विद्यार्थी कर्वेनगर-कोथरूडला, भारती विद्यापीठामुळे धनकवडी-कात्रजला आणि सिंबायोसिसमुळे विमाननगरला. शाळा, दवाखाना आणि भाजी मंडई जवळ हवी असलेली कुटुंबं कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी, औंध सोडायला नाखूश असतात.

प्रत्येक गटाचं वागणं निराळं. तीन आयटीवाले मिळून टू बीएचके घेतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला आठ-दहा हजार येतात, त्यामुळे ते कुटुंबापेक्षा जास्त भाडं देऊ शकतात. पण त्यातला एक जण नोकरी बदलून बंगळुरूला गेला की सगळा गट विस्कटतो. मुलांची शाळा जवळ असलेलं कुटुंब तीन-चार वर्षं हलत नाही, मात्र दर वर्षीच्या पाच टक्के वाढीवर घासाघीस करतं. विद्यार्थ्यांमुळे घराची झीज जास्त होते, पण कॉलेज सुरू आहे तोवर मागणी आटत नाही.

एकाच उद्योगावर उभा असलेला भाग पटकन पडतो. २०२० मध्ये कंपन्यांनी घरून काम सुरू केलं तेव्हा हिंजवडी-वाकड पट्ट्यातले भाडेकरू सामान बांधून गावी गेले आणि फ्लॅट महिनोन् महिने रिकामे राहिले. २०२२ पासून कार्यालयं भरायला लागली तशी भाडी पुन्हा चढली. म्हणून दोन निराळे रोजगार हाताच्या अंतरावर असलेला भाग आम्ही वरचा मानतो. विमाननगरला विमानतळ, आयटी कार्यालयं आणि कॉलेज तिन्ही आहेत. पुनावळेला बऱ्याच अंशी हिंजवडीचाच आधार आहे.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

नकाशावर भूमकर चौकातून हिंजवडी जवळ दिसते. भाडेकरू मात्र सकाळी नऊला तिथे किती वेळ अडकतो यावर घर निवडतो. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत, फ्लॅटपासून कार्यालयाच्या फाटकापर्यंत दुचाकीने स्वतः जाऊन बघा. सोमवारी आणि शुक्रवारी बरेच जण घरून काम करतात, त्या दोन दिवसांची वेळ फसवी असते. दुचाकीने पंचवीस मिनिटांच्या आत पोहोचता येणारा भाग सहसा लवकर भरतो. पाऊण तासाच्या पुढे गेलं की मागणी उरते, पण भाडेकरू भाड्यात सवलत मागूनच येतो.

मेट्रोच्या नावावर जास्त पैसे मोजण्याआधी वेळापत्रक आठवा. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. पहिले छोटे टप्पे मार्च २०२२ मध्ये सुरू झाले, वनाज-रामवाडी मार्ग मार्च २०२४ मध्ये पूर्ण झाला आणि पिंपरी-स्वारगेट मार्गाचा शेवटचा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मार्गाच्या जाहीर मुदतीही पुढे सरकत गेल्या. विक्रेता स्टेशनची किंमत आजच लावतो. भाडेकरू मात्र गाडी धावायला लागल्यावरच वाढीव भाडं देतो. मधली वर्षं तुमच्या खिशातून जातात.

खरं भाडं कुठे नोंदलेलं असतं

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर भाड्याने देण्याचा करार, नोंदवणं बंधनकारक आहे. त्यामुळे कुठल्या इमारतीत किती भाड्यावर सही झाली, हे सरकारी नोंदीत असतं आणि कुणालाही बघता येतं. घर घेणाऱ्यांपैकी फार थोडे ते बघतात, याचं खरोखर वाईट वाटतं.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मिळकतीनुसार विनाशुल्क शोध घेता येतो. वर्ष, जिल्हा, तालुका आणि गाव निवडायचं, मग मिळकतीचा क्रमांक टाकायचा. इथेच बहुतेक जण अडकतात, कारण ते फ्लॅट नंबर किंवा सोसायटीचं नाव टाकतात. तिथे जमिनीचा सर्व्हे किंवा गट नंबर लागतो. तो महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर सापडतो, किंवा विक्रेत्याकडे त्याच्या फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, मागा, त्यावर असतो. गावाचं नाव महसुली, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतलं हवं. क्रमांक '६५/१' असा टाकून काही आलं नाही तर नुसता '६५' टाकून बघा. नोंद करणाऱ्याने तो कसाही लिहिलेला असू शकतो. संकेतस्थळ दिवसा रडतं, रात्री उशिरा किंवा पहाटे बरं चालतं.

यादी उघडली की दस्ताच्या प्रकारात '३६-अ' आणि लिव्ह अँड लायसन्स असं लिहिलेल्या नोंदी निवडा. प्रत्येकीचा इंडेक्स टू उघडला की भाडं, अनामत रक्कम, चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ, मजला, फ्लॅट नंबर आणि कराराची तारीख दिसते. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात. ६५ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ७०० चौरस फूट. त्याच इमारतीच्या, शक्यतो त्याच आकाराच्या, गेल्या बारा महिन्यांतल्या पंधराएक नोंदी कागदावर उतरवा, भाड्याच्या चढत्या क्रमाने मांडा आणि मधली, म्हणजे आठवी नोंद घ्या. सरासरी काढू नका. एखाद्या कंपनीने पूर्ण सजवलेलं घर घेतलेलं असतं, एखाद्याने भावाला नाममात्र भाड्यावर दिलेलं असतं. अशी दोन टोकं सरासरी बिघडवतात.

नोंदी वाचताना तीन गोष्टी सांभाळा. बावीस किंवा छत्तीस महिन्यांच्या करारात पहिल्या वर्षाचं आणि पुढचं भाडं वेगळं असतं, पहिलं धरा. काही करारांत मेंटेनन्स भाड्यातच असतो, काहींत भाडेकरू वेगळा भरतो, आणि हे इंडेक्स टूवरून नेहमी कळत नाही. तिथला रिवाज सोसायटीच्या ऑफिसात विचारा. तिसरी गोष्ट फर्निचरची. पुण्यात 'सेमी-फर्निश्ड' म्हणजे किचन ट्रॉली, कपाटं, पंखे, दिवे आणि गीझर इतकं धरलं जातं. पलंग, सोफा, फ्रीज, वॉशिंग मशीन असलेल्या घराचं भाडं याच्याशी ताडून बघू नका.

आता घरभाड्याच्या पोर्टलवरच्या त्याच सोसायटीतल्या जाहिराती बघा आणि त्यांची मधली रक्कम नोंदणीतल्या मधल्या रकमेशी ताडा. दोन्हींत तीन-चार टक्क्यांचा फरक असेल तर बाजार घट्ट आहे, मालक मागतील ते मिळतंय. दहा टक्क्यांच्या पुढे फरक गेला तर घरं जास्त आणि भाडेकरू कमी आहेत. जाहिरातीची तारीखही बघा. तोच फ्लॅट, तेच फोटो सहा आठवड्यांनंतरही दिसत असतील, तर भाडं चुकतंय किंवा इमारतीतच काहीतरी खोट आहे.

रिकामी घरं मोजा

एजंटला विचारलं तर इमारतीत एकही घर रिकामं नसतं. स्वतः मोजायचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा: साध्या कामाच्या दिवशी रात्री आठ ते दहाच्या दरम्यान इमारतीसमोर उभं राहून दिवे आणि गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरं मोजा. लांब सुट्ट्यांत आणि दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका.

दुसरा मार्ग मीटर रूमचा, आणि तो जास्त भरवशाचा. सेक्रेटरी किंवा मॅनेजरला बरोबर घेऊन, परवानगीनेच आत जा. महावितरणच्या मीटरांवर एक बारीक लाल दिवा असतो, वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो. माणसं राहत असतील तर निदान फ्रीज चालू असतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटं थांबलं की दिवा लुकलुकताना दिसतोच. रिकाम्या घराचा दिवा हलत नाही. मीटरखाली फ्लॅट नंबर लिहिलेले असतात. शंभर मीटरांपैकी किती थंड आहेत ते मोजायला अर्धा तास पुरतो. काही मालक परदेशात असतात आणि घर भाड्याने देतच नाहीत, म्हणून थंड मीटरांची यादी घेऊन वॉचमनला विचारा की यातली किती घरं भाड्यासाठी आहेत. सिक्युरिटी केबिनमधल्या माणसाला कोण कधी गेलं आणि कुणाकडे टेम्पो आला हे इमारतीतल्या सगळ्यांपेक्षा नेमकं माहीत असतं.

भाड्यासाठी असलेल्या घरांपैकी वीसात एखादं रिकामं असणं नेहमीचं, माणसं बदलताना तेवढं होतंच. दहात एक असेल तर वर्षातला किमान एक महिना भाड्याविना जाईल असं धरा. पाचात एक रिकामं असेल तर तिथे पुढचं गणित करण्यात वेळ घालवू नका.

पुढे किती फ्लॅट येणार

आजचं भाडं चांगलं असूनही पुढच्या वर्षी पडू शकतं, कारण शेजारच्या प्रकल्पात एकाच हंगामात हजार घरांचं पझेशन मिळतं आणि त्यातली निम्मी गुंतवणूकदारांची असतात. ते सगळे एकाच महिन्यात भाडेकरू शोधायला निघतात. नव्या इमारतीत पहिल्या वर्षी भाडं पाडून दिलं जातं, कारण कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो.

महारेराच्या संकेतस्थळावर तुमच्या फ्लॅटपासून दोन किलोमीटरच्या आतले प्रकल्प शोधा. प्रत्येकाची घरांची संख्या, त्यातली विकली गेलेली आणि पूर्ण करण्याची जाहीर तारीख कागदावर मांडा. मुदतवाढ मिळालेली असेल तर नवी तारीख धरा. पुढच्या अठरा महिन्यांत येणारी घरं आजच्या घरांच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त असतील, तर भाडं दोन वर्षं वाढणार नाही असं धरून चाला. आम्ही तर त्यात पाच टक्के घटही धरतो. पुनावळे, वाघोली, ताथवडे, किवळे अशा कडेच्या भागांत, जिथे मोकळी जमीन मुबलक आहे, तिथे हा धोका कायम असतो. कोथरूडसारख्या भरलेल्या भागात नवी घरं मुख्यतः पुनर्विकासातून येतात, सावकाश येतात. तिथे भाव जास्त आणि भाड्याचा परतावा कमी, पण घर सहसा ओस पडत नाही.

पाणी आणि सोसायटीचे नियम

टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत मेंटेनन्स उन्हाळ्यात फुगतो. सोसायटीच्या मागच्या दोन वर्षांच्या जमाखर्चात 'पाणी टँकर' ही रक्कम मागा, शक्यतो मार्च ते जून महिन्यांची. वाघोलीसह तेवीस गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, पण हद्दीत येणं म्हणजे नळाला पाणी येणं नव्हे.

सोसायटी एकट्या मुलामुलींना घर देऊ देते का, हे सेक्रेटरीला तोंडी न विचारता सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत मागून बघा. आयटीच्या पट्ट्यात 'फक्त कुटुंबासाठी' असा ठराव असेल तर तुमचे निम्मे गिऱ्हाईक तिथेच गेले. त्याची कायदेशीर ताकद किती हा वेगळा वाद आहे. दर भाडेकरूमागे तो वाद घालायची तयारी नसेल तर ती इमारत सोडा. घर भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क लावते. राज्य सरकारच्या ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असता कामा नये, आणि महापालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नाहीत. काही ठिकाणी सर्रास जास्त घेतलं जातं, म्हणून मागचं बिल बघा.

आता गणित

समजा, वाकडसारख्या भागात ७०० चौरस फूट कार्पेटचा रीसेल टू बीएचके ८० लाखांना ठरतोय आणि नोंदणीतलं मधलं भाडं २६,००० आहे. हे आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून. तुमचे स्वतःचे टाका.

घराची खरी किंमत ८० लाख नसते. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. नोंदणी फी ३० हजार. एजंटचा १ टक्का, ८० हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क २५ हजारांपर्यंत. ट्रॉली, कपाटं, पंखे, गीझर, जाळ्या आणि रंग यांना अडीच लाख. बेरीज ८९ लाख ४५ हजार. बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर साधारण ५ टक्के जीएसटी वेगळा, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य.

वर्षाचं भाडं ३ लाख १२ हजार. ८० लाखांवर बघितलं तर ३.९ टक्के, एजंट हाच आकडा सांगतो. आता खर्च काढू. एक महिना रिकामा, २६,०००. दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलला आणि एक महिन्याचं कमिशन गेलं तर वर्षाला १३,०००. करार आणि किरकोळ २,०००. मेंटेनन्स महिन्याला ३,५०० प्रमाणे ४२,०००. बिनभोगवटा शुल्क ३,६००. मिळकतकर १२,०००. दर तीन वर्षांनी रंग, मधूनमधून गीझर, नळ, गळती यांसाठी वर्षाला २०,०००. एकूण १,१८,६००. हातात उरले १,९३,४००, आणि ८९ लाख ४५ हजारांवर हा परतावा २.१६ टक्के झाला.

मिळकतकरात एक गोष्ट हमखास सुटते. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. विक्रेता स्वतः राहत असेल तर त्याने दाखवलेली पावती सवलतीची असते. तुम्ही घर भाड्याने दिलं की ती सवलत जाते, म्हणून पावतीवरची नव्हे, सवलतीआधीची रक्कम धरा.

प्राप्तिकर यानंतर. मिळालेल्या २,८६,००० भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा केला की २,७४,००० उरतात. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. रंग, दुरुस्ती, मेंटेनन्स सगळं त्यातच आलं, वेगळं दाखवता येत नाही. करपात्र रक्कम १,९१,८००. वरच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ३१.२ टक्के दराने सुमारे ५९,८००. हातात राहिले साधारण १,३३,६००, म्हणजे दीड टक्का. भाडं लपवायचा विचार करू नका; करार नोंदवलेला असतो, आणि वर्षाला लाखाच्या पुढे घरभाड्याची वजावट घेणारा नोकरदार भाडेकरू तुमचा पॅन त्याच्या कंपनीला देतोच.

फर्निचरचं गणित निराळं करा. आणखी ३ लाख घालून घर पूर्ण सजवलं आणि महिन्याला ४,००० जास्त मिळाले तर वर्षाचे ४८,००० होतात. पैसे परत यायला सव्वासहा वर्षं लागतात. भाडेकरूंच्या हाताखाली सोफा-गाद्या तितकी टिकत नाहीत. कंपनी भाडेकरू असेल तरच हे करा.

कर्ज काढून घेतलं तर

६० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ५२,१००. भाड्यातून खर्च जाऊन महिन्याला १६,१०० येतात. म्हणजे दर महिन्याला ३६,००० तुम्ही पगारातून घालणार, तेही वर्षातले अकरा महिने घर भरलेलं असताना. भाडेकरार झालेल्या घरावरचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं, पण नव्या करप्रणालीत उरलेला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. 'भाड्यात हप्ता निघतो' हे वाक्य ऐकलं की त्याच माणसासमोर कागद-पेन घेऊन बसा. सहा महिने भाडं आलं नाही तरी हप्ता चुकणार नाही इतके पैसे बाजूला नसतील, तर व्यवहार पुढे ढकला.

विक्रेत्याला काय भाव सांगायचा

गणित उलटं फिरवा. खर्च जाऊन, कराआधी, तुम्हाला किमान किती टक्के हवेत ते ठरवा. समजा पावणेतीन. १,९३,४०० ला ०.०२७५ ने भागलं की ७० लाख ३३ हजार; एकूण खर्च याच्या पुढे जाता कामा नये. त्यातून फर्निचर, नोंदणी, हस्तांतर यांचे ३ लाख ५ हजार वजा करा आणि उरलेल्याला १.०८ ने भागा (किमतीवर ७ टक्के शुल्क आणि एजंटचा १ टक्का). फ्लॅटची किंमत येते ६२ लाखांच्या आसपास, आणि मालक मागतोय ८०.

पुण्यात बहुतेक ठिकाणी हेच दिसेल. मधले १८ लाख तुम्ही भाववाढीच्या आशेवर देत आहात, आणि तसं करायचं असेल तर ते डोळे उघडे ठेवून करा. मुदत ठेव याहून जास्त देते आणि तिला रंग द्यावा लागत नाही. दोन गोष्टींनी ही दरी कमी होते. एक, दहा-पंधरा वर्षांची, लिफ्ट असलेली, कागदपत्रं स्वच्छ असलेली इमारत; तिची किंमत नव्यापेक्षा बरीच कमी असते, भाडं मात्र तितकं कमी नसतं. दुसरं, लहान घर. वन बीएचकेचा परतावा सहसा थ्री बीएचकेपेक्षा चांगला पडतो, फक्त माणसं लवकर बदलतात, म्हणून रिकामे महिने थोडे जास्त धरा.

'भाडेकरूसह' किंवा 'तीन वर्षं भाड्याची हमी' असं सांगून विकलं जाणारं घर बघताना तो करार प्रत्यक्ष वाचा. भाडं शेजारच्या नोंदींपेक्षा तीस टक्के जास्त असेल तर ते पैसे बिल्डरने किमतीत आधीच घातलेले असतात आणि तुमचेच तुम्हाला हप्त्याने परत मिळतात. हमी संपली की भाडं बाजाराच्या पातळीवर येतं.

करार आणि कॅलेंडर

पुण्यात भाडेकरूंची मोठी लाट मे ते जुलैमध्ये येते: शाळा-कॉलेज सुरू होतात, नवे इंजिनिअर रुजू होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मागणी मंद असते. त्यामुळे करार संपण्याचा महिना एप्रिल किंवा मे असायला हवा. १ जूनला दिलेल्या घराचा अकरा महिन्यांचा करार ३० एप्रिलला संपतो, ते ठीकच. पण भाडेकरू नोव्हेंबरमध्ये आला तर सवयीने अकरा महिने न लिहिता अठरा महिन्यांचा करार करा. १ नोव्हेंबरला सुरू झालेला तो एप्रिलअखेर संपतो. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतो, अकरा महिन्यांची सक्ती नाही. सहा महिन्यांचं लॉक-इन, म्हणजे तोवर करार मोडता येणार नाही अशी अट, आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस लिहून घ्या.

मुद्रांक शुल्क अगदी कमी असतं: कराराच्या मुदतीचं एकूण भाडं, त्यात परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने येणारी रक्कम मिळवायची, आणि बेरजेवर ०.२५ टक्के. २५,००० भाडं, अकरा महिने, एक लाख अनामत असेल तर हे साधारण ७१० रुपये होतात. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. इतक्या पैशांसाठी नोटरीकडचा बिननोंदणी कागद करणं हा सरळ धोका आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लेखी नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. नोंदवलेला असेल तर कलम २४ खाली मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि भाडेकरू हटून बसला तर त्या काळासाठी भाड्याच्या दुपटीने भरपाई मिळू शकते. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवण्याचं कामही त्याच दिवशी उरका.

परदेशात राहणाऱ्या मालकांसाठी

दुबई, सिंगापूर, अमेरिकेत राहून पुण्यात घर घेणारे मराठी लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांचं गणित एका जागी फसतं. निवासी मालकाच्या बाबतीत महिन्याला ५० हजारांहून जास्त भाडं असेल तरच वैयक्तिक भाडेकरूला २ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो. मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने ३१.२ टक्के कापून भरायचे, त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) घ्यायचा आणि विवरणपत्रही द्यायचं. २६ हजारांच्या घरासाठी इतका खटाटोप करायला बरेच भाडेकरू तयार नसतात आणि शेजारचं घर घेतात. म्हणून अनिवासी मालकाने रिकामा काळ एकाऐवजी दीड-दोन महिने धरावा, प्राप्तिकर विभागाकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र घ्यावं आणि टॅन-विवरणपत्राचं काम स्वतःच्या खर्चाने एखाद्या सीएकडे सोपवून भाडेकरूला तसं पहिल्याच भेटीत सांगावं. ऑनलाइन करारनोंदणीला आधारशी जोडलेला अंगठा लागतो. आधार नसेल किंवा येणं जमणार नसेल तर भारतातल्या विश्वासू नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र आधीच करून ठेवावं. त्यात भाडेकरार करण्याचा आणि नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट लिहावा, घर विकण्याचा अधिकार त्यात घालू नये.